शेवटचा न्यूट्रॉन राहतो कुठे? न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रकं आणि ब्रेकअप अभिक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं मुंबईत अणुभौतिकीचे प्रयोग केले, आता शिकवतो. शनिवारी संध्याकाळी बीएस्सी-एमएस्सीची मुलं जमतात, कधी त्यांचे आईवडीलही येतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. प्रश्न ज्या क्रमाने येतात तोच क्रम ठेवला आहे, त्यामुळे सोपं-अवघड असं काही लावलेलं नाही.

सर, ‘ब्रेकअप’ हेच नाव का?

दरवर्षी पहिला प्रश्न हाच, आणि मागच्या बाकावर हसू. अणुकेंद्रकाचे दोन किंवा जास्त तुकडे होणं एवढाच अर्थ. मराठीत ‘विघटन’ म्हणता येतं, पण प्रयोगशाळेत कुणी म्हणत नाही. शिवाय विघटन म्हटलं की किरणोत्सारी ऱ्हास डोळ्यांपुढे येतो. तो आपोआप होतो. ब्रेकअप आपण घडवून आणतो.

न्यूट्रॉनबहुल म्हणजे नेमके किती न्यूट्रॉन?

निसर्गात सापडणाऱ्या लिथियममध्ये तीन प्रोटॉन आणि तीन किंवा चार न्यूट्रॉन असतात. लिथियम-११ मध्ये प्रोटॉन तेवढेच तीन, पण न्यूट्रॉन आठ. पेला काठोकाठ भरला की पुढचा थेंब ओघळतो, तशी प्रत्येक मूलद्रव्याची एक हद्द असते. तिला ड्रिप लाइन म्हणतात. आपली अणुकेंद्रकं त्या काठावरची.

खरा फरक आकड्यात दिसतो. नेहमीच्या अणुकेंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला साधारण ८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा लागते. बेरिलियम-११ मधून शेवटचा न्यूट्रॉन काढायला अर्धा एमईव्ही पुरतो. लिथियम-११ चे शेवटचे दोन मिळून ०.३७ एमईव्हीत सुटतात. ही मंडळी फार काळ टिकतही नाहीत: बेरिलियम-११ चं अर्धायुष्य सुमारे १४ सेकंद, लिथियम-११ चं ९ मिलिसेकंदांहूनही कमी.

‘हॅलो’ अणुकेंद्रक म्हणजे काय? फोनवरचं हॅलो का?

नाही. थंडीत चंद्राभोवती जे खळं पडतं, ते. आजी म्हणायची, खळ्यात चांदणी दिसली की पाऊस लांबला. तसं घट्ट गाभ्याभोवती न्यूट्रॉनचं विरळ खळं.

१९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बर्कलीच्या बेव्हालॅक या त्वरकावर लिथियमच्या समस्थानिकांचे झोत निरनिराळ्या टार्गेटवर आदळवले आणि किती वेळा काहीतरी अभिक्रिया होते ते मोजलं. लिथियम-९ ची त्रिज्या सुमारे २.३ फर्मी भरली (एक फर्मी म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर). लिथियम-११ मध्ये दोनच न्यूट्रॉन जास्त, पण त्रिज्या एकदम ३.२ च्या आसपास. एवढी उडी कुणाच्याच हिशेबात नव्हती. १९८७ मध्ये ग्रेगर्स हॅन्सन आणि ब्यॉर्न जॉन्सन यांनी त्याचा अर्थ लावला: शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून लांबवर पसरलेले आहेत. तसं असेल तर जड अणुकेंद्रकाच्या विद्युत क्षेत्रात हे भिडू सहज फुटायला हवेत, हेही त्यांनी त्याच लेखात मांडलं. ब्रेकअपचा सगळा उद्योग त्या वाक्यातून वाढला म्हटलं तरी चालेल.

पण न्यूट्रॉन इतक्या लांब राहतोच कसा? लोकलच्या दारात लटकणाऱ्यासारखा?

हे उदाहरण मुलं स्वतःच देतात. मला ते फारसं आवडत नाही, आणि केवळ दारात लटकू नये म्हणून नव्हे. लटकणाऱ्या माणसाचा हात दांड्याला असतो. इथे न्यूट्रॉन बराच वेळ अशा जागी असतो जिथे आकर्षणबल जवळजवळ संपलेलं असतं. म्हणजे गाडी पुढे गेली आणि हा प्लॅटफॉर्मच्या बाजूने हवेत चाललाय, तरी तिकीट त्याच गाडीचं! जुन्या भौतिकीत याला जागा नाही. हे क्वांटम टनेलिंग आहे.

बाहेर पसरलेली ही शेपटी किती लांब, हे बंधन ऊर्जा, म्हणजे न्यूट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, ठरवते. तरंगफल (न्यूट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळतं ते) बाहेरच्या बाजूला घटत जातं, आणि ज्या अंतरात ते साधारण एकतृतीयांशावर येतं ते अंतर बंधन ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. ८ एमईव्हीला ते १.६ फर्मी येतं. बेरिलियम-११ च्या अर्ध्या एमईव्हीला जवळजवळ ६.७ फर्मी. वहीत करून पाहा, दोन ओळींचं गणित आहे.

एक अट मात्र आहे. न्यूट्रॉनचा कोनीय संवेग कमी हवा. एस कक्षेत (शून्य) खळं छान पसरतं, पी कक्षेत (एक) जमतं, त्यापुढे डी आणि एफ कक्षांत अपकेंद्री अडथळा त्याला आतच कोंडून ठेवतो. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अणुकेंद्रक फोडल्यावर त्याची मूळ अवस्था उरतेच कुठे? मग ग्राउंड स्टेटबद्दल कळतं कसं?

सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाकडून येतो.

गोफण आठवा. शेतात राखणदार गोफण गरगर फिरवतो आणि दोरीचं एक टोक सोडतो. दगड सुटतो तो त्या क्षणी त्याच्यापाशी जो वेग होता तोच घेऊन. दोरी सोडण्याने दगडाला वेग मिळत नाही, होता तो उघड होतो. ब्रेकअपमध्ये तेच साधायचं असतं: बंध इतक्या झटक्यात तोडायचा की आतल्या कणांना सावरायला वेळच मिळू नये. झोतातलं अणुकेंद्रक प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने टार्गेटच्या अणुकेंद्रकाजवळून जातं, तेव्हा ती भेट १० चा उणे २२ वा घात सेकंद, एवढीच टिकते. सैलसर बांधलेला न्यूट्रॉन त्यामानाने संथ फिरत असतो. त्याच्या दृष्टीने दोरी खाडकन सुटते.

मग मागे राहिलेल्या गाभ्याचा संवेग मोजायचा. गाभा आणि न्यूट्रॉन यांचे अंतर्गत संवेग सारखे आणि विरुद्ध, त्यामुळे गाभ्याचं मोजलं की न्यूट्रॉनचं कळतं. इथे अनिश्चितता तत्त्व कामाला येतं: न्यूट्रॉन जितका लांबवर पसरलेला, तितका त्याचा संवेग कमी विखुरलेला. बेरिलियम-११ मधून न्यूट्रॉन उडवला की बेरिलियम-१० च्या संवेगाचा आलेख निम्म्या उंचीवर साधारण ४४ एमईव्ही प्रति सी (हे संवेगाचं एकक) रुंद येतो. घट्ट अणुकेंद्रकांत हाच आकडा दीडशे-दोनशेच्या घरात असतो. १९८८ मध्ये लिथियम-११ च्या बाबतीत असाच टोकदार सुळका दिसला आणि खळ्याबद्दलच्या शंका बऱ्याचशा मिटल्या.

आलेखाची रुंदी नुसती ‘पसरलाय’ एवढंच सांगत नाही. एस कक्षेचा सुळका अरुंद, डी कक्षेचा रुंद आणि फुगीर. म्हणजे न्यूट्रॉन कुठल्या खोलीत राहत होता ते कळतं. घर पाडलं खरं, पण कुठल्या खोलीचं सामान कुठल्या वेगाने बाहेर आलं ते नोंदवून.

टार्गेट शिशाचंच का वापरतात?

दोन टार्गेट वापरतात: एक शिशाचं आणि एक कार्बन किंवा बेरिलियमसारखं हलकं.

शिशात ८२ प्रोटॉन. त्याच्या बाजूने झोतातलं अणुकेंद्रक सुसाट गेलं की त्याला विद्युत क्षेत्राचा एक क्षणिक झटका बसतो. हा झटका म्हणजे जणू फोटॉनचा वर्षाव, ही कल्पना फर्मीने १९२४ मध्ये मांडली. १९३४ मध्ये वाइत्सेकर आणि विल्यम्स यांनी ती सापेक्षतावादात बसवली. या ‘आभासी’ फोटॉनपैकी एक गिळला की अणुकेंद्रक फुटतं. गाभ्याला विद्युतप्रभार आहे, न्यूट्रॉनला नाही. झटका गाभ्याला बसतो आणि न्यूट्रॉन मागे राहतो. दोन्ही अणुकेंद्रकं एकमेकांना शिवतही नाहीत. या कूलाँब ब्रेकअपची मोठी सोय अशी की विद्युतबल आपल्याला पूर्ण माहीत आहे. जे अनोळखी, ते फक्त अणुकेंद्रकाच्या आत आहे.

आभासी फोटॉनची संख्या टार्गेटच्या प्रभाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. कार्बनचे ६ आणि शिशाचे ८२ घेतले तर फरक जवळजवळ १८७ पट. म्हणून कार्बनवर जे घडतं ते मुख्यतः अणुकेंद्रीय बलाचं काम. ते योग्य गुणकाने वाढवून शिशाच्या आकड्यातून वजा करायचं. तो ‘योग्य गुणक’ काय घ्यायचा, यावर परिषदेत चहा थंड होईपर्यंत भांडता येतं.

१९९४ मध्ये ताकाशी नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत बेरिलियम-११ शिशावर फोडलं. कूलाँब ब्रेकअपचा क्रॉस सेक्शन, म्हणजे अभिक्रिया होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या भाषेत, सुमारे १.८ बार्न आला. बार्न म्हणजे धान्याचं कोठार. अणुभौतिकीत एवढं क्षेत्रफळ म्हणजे कोठाराचं दारच, डोळे मिटून मारला तरी नेम लागेल, अशी ती जुनी गंमत. एका हलक्या अणुकेंद्रकाच्या नुसत्या विद्युत फुटीला १.८ बार्न हा आकडा खरोखर दांडगा आहे.

ब्रेकअपच्या ऊर्जा-आलेखात कमी ऊर्जेला जे शिखर दिसतं, तो रेझोनन्स (क्षणभर टिकणारी उत्तेजित अवस्था) असतो का?

बेरिलियम-११ मध्ये नाही. तरंगफलाची शेपटी लांब आणि बाहेर पडणाऱ्या मंद न्यूट्रॉनची तरंगलांबीही लांब; दोघांचं जुळतं, म्हणून तिथे शिखर येतं. एस कक्षेतल्या न्यूट्रॉनसाठी साध्या नमुन्यात हे शिखर बंधन ऊर्जेच्या तीनपंचमांशावर पडतं, म्हणजे इथे ०.३ एमईव्हीच्या आसपास. याच युक्तीने उलटही जाता येतं: कार्बन-१९ ची बंधन ऊर्जा नीट माहीत नव्हती, ती १९९९ मध्ये ब्रेकअपच्या आलेखावरून सुमारे ०.५३ एमईव्ही काढली गेली.

सोबत गॅमा किरणं कशाला मोजतात?

कारण गाभा नेहमी शांत बसलेला नसतो. बेरिलियम-११ ची मूळ अवस्था ही मिसळ आहे: बहुतांश भाग शांत बेरिलियम-१० आणि एस कक्षेतला न्यूट्रॉन, थोडा भाग उत्तेजित बेरिलियम-१० आणि डी कक्षेतला न्यूट्रॉन. न्यूट्रॉन काढल्यावर उत्तेजित गाभा ३.३७ एमईव्हीचा गॅमा किरण सोडून खाली येतो. ज्या घटनेत तो गॅमा दिसला ती एका ढिगात, नाही दिसला ती दुसऱ्या. ढिगांचं प्रमाण म्हणजे मिसळीचं प्रमाण.

मुळात सातवा न्यूट्रॉन एस कक्षेत असणं हीच गडबड आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तो पी कक्षेत हवा. ही अदलाबदल ताल्मी आणि उन्ना यांनी १९६० मध्येच दाखवली होती. पुढे २००० साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बेरिलियम-१२ मधून एकेक न्यूट्रॉन उडवून पाहिला, तेव्हा आठ न्यूट्रॉनचं ‘बंद कवच’, म्हणजे कक्षांचा पूर्ण भरलेला थर, तिथे मोडलेलं आढळलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव ए. नवीन यांचं, ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीतून (भाभा अणुसंशोधन केंद्र) गेलेल्या शास्त्रज्ञाचं. हे मी वर्गात जरा मोठ्याने सांगतो.

प्रत्यक्षात मोजतात काय?

एवढ्या अल्पायुषी अणुकेंद्रकांचं टार्गेट बनवता येत नाही, म्हणून त्यांचाच झोत करतात आणि शिशाचा पातळ पत्रा समोर ठेवतात. फुटल्यावर गाभा चुंबकात वळतो, न्यूट्रॉन सरळ जातो. गाभ्याचा वळलेला मार्ग आणि न्यूट्रॉनची वेळ मोजून, दोघांची ऊर्जा-संवेगाची बेरीज करून, फुटण्याआधीची उत्तेजन ऊर्जा काढतात.

न्यूट्रॉन हा त्रासदायक पाहुणा. प्रभार नाही, त्यामुळे डिटेक्टरला पत्ता लागत नाही. प्लास्टिक सिंटिलेटरच्या कांड्यांची भिंत उभारायची आणि न्यूट्रॉनने एखाद्या प्रोटॉनला धक्का देऊन उजेडाची ठिणगी पाडण्याची वाट पाहायची. प्रकाशाच्या सुमारे ६१ टक्के वेगाने येणारा न्यूट्रॉन १० मीटर अंतर सुमारे ५५ नॅनोसेकंदांत कापतो. त्या वेळेत अर्ध्या नॅनोसेकंदाची चूकही परवडत नाही. दोन न्यूट्रॉन आले असतील तर आणखी पंचाईत: एकच न्यूट्रॉन दोन कांड्यांना धडकला की दोघे आले, हे वेगळं करण्यात पीएचडीची निम्मी उमेद खर्च होते.

दोन न्यूट्रॉनची खळी वेगळी कशी?

तीन दगडांची चूल पाहिली आहे का? कुठलाही एक दगड काढा, पातेलं पडतं. लिथियम-११ तसं: लिथियम-९, न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉन. लिथियम-१० बांधलेलं नाही, नुसते दोन न्यूट्रॉनही एकत्र राहत नाहीत, पण तिघे असले की जमतं. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या तीन गुंतलेल्या कड्यांवरून यांना बोरोमियन म्हणतात. चूल म्हटलं असतं तरी चाललं असतं.

२००६ मध्ये रिकेनमध्ये लिथियम-११ च्या कूलाँब ब्रेकअपमधून एक सुरेख गोष्ट निघाली. मोजलेल्या विद्युत द्विध्रुव शक्तीवरून (विद्युत झटक्याने अणुकेंद्रक किती सहज फुटतं त्याचं माप) गाभ्यापाशी दोन न्यूट्रॉनमधला सरासरी कोन काढला, तो सुमारे ४८ अंश आला. दोघे एकमेकांची दखल न घेता फिरत असते तर ९० यायला हवा होता. त्रुटीची मर्यादा मोठी आहे, तरी दोघे बरेचदा एकाच बाजूला असतात हे स्पष्ट आहे.

जादूई संख्या मोडतात म्हणजे काय?

२, ८, २० इतके न्यूट्रॉन झाले की कवच भरतं, हे आपण शिकतो. ते स्थिर अणुकेंद्रकांपुरतं. १९७५ मध्ये सर्नमध्ये सोडियमच्या जड समस्थानिकांची वस्तुमानं मोजली तेव्हा २० च्या आसपास हिशेब चुकायला लागला. त्या भागाला ‘व्युत्क्रमाचं बेट’ म्हणतात.

ब्रेकअपने या बेटावर चांगली कामगिरी केली आहे. निऑन-३१ मध्ये २१ न्यूट्रॉन. शेवटचा एफ कक्षेत असायला हवा. पण २००९ मध्ये शिशावर त्याचा क्रॉस सेक्शन दांडगा आला. वरची अट आठवा: एफ कक्षेत खळं होत नाही. म्हणजे न्यूट्रॉन तिथे नाहीच. पुढच्या मोजमापांनी तो पी कक्षेत असल्याचं आणि अणुकेंद्रक चेंडूसारखं गोल नसून ताणलेलं असल्याचं सुचवलं. २०१४ मध्ये मॅग्नेशियम-३७ नेही असंच केलं. आपल्याकडे कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटच्या गटाने जर्मनीतल्या जीएसआय या प्रयोगशाळेत सोडियम-२९ आणि सोडियम-३० वर कूलाँब ब्रेकअपचे प्रयोग केले आहेत.

मुंबईत हे प्रयोग होतात का?

लिथियम-११ चा झोत मुंबईत नाही. पण कुलाब्याला नेव्हीनगरच्या टोकाला, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आवारात, बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा पेलेट्रॉन हा त्वरक उभा आहे: १४ दशलक्ष व्होल्टचा, १९८८ अखेरपासून चालणारा, आणि पुढे अतिवाहक लायनॅक (रेषीय त्वरक) जोडलेला. त्यावर सैल बांधलेल्या स्थिर अणुकेंद्रकांचं ब्रेकअप अभ्यासतात. लिथियम-६ हे अल्फा (हेलियम-४ चं अणुकेंद्रक) आणि ड्यूटेरॉनमध्ये (हायड्रोजन-२ चं) १.४७ एमईव्हीला फुटतं, लिथियम-७ अल्फा आणि ट्रायटॉनमध्ये (हायड्रोजन-३ चं) २.४७ ला. झोत भरपूर मिळतो, त्यामुळे विदेशात तासाला चार-दोन घटनांवर समाधान मानावं लागतं तिथे इथे बारकाव्यांत शिरता येतं. बरेचदा लिथियम-७ सरळ फुटत नाही. आधी टार्गेटकडून प्रोटॉन उचलतं, बेरिलियम-८ होतं आणि मग दोन अल्फांत फुटतं. असा आडवळणाचा ब्रेकअप वेगळा काढणं हे इथल्या गटांचं खास काम.

टार्गेटबद्दल एक आठवण. पहिल्या वर्षी, कुठल्या प्रयोगशाळेत ते राहू दे, पातळ फॉइल पाण्यावर तरंगवून चौकटीवर उचलायचं काम माझ्याकडे होतं. तीन दिवस खपून पाच फॉइल जमवले. पाचवा चौकटीवर बसला आणि मला त्याच क्षणी शिंक आली. चार राहिले. त्यानंतर त्या टेबलापाशी मी आजही तोंडाला रुमाल धरतो.

या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

माझं मत सरळ आहे: ब्रेकअप शेपटी दाखवतो, संपूर्ण न्यूट्रॉन नाही. आतल्या भागात तरंगफल कसं आहे, यावर प्रयोग जवळजवळ गप्प असतो. तरीही ‘न्यूट्रॉन अमुक कक्षेत इतके टक्के’ असं छापलं जातं, तेव्हा त्या टक्केवारीत आतल्या भागाचं गृहीतक मिसळलेलं असतं. शेपटीची उंची आधी विचारा, टक्केवारी नंतर.

दुसरं, कमी ऊर्जेच्या झोतात फुटल्यावरही शिशाचं क्षेत्र गाभ्याला ढकलत राहतं, एकाच फोटॉनचा हिशेब पुरत नाही आणि अणुकेंद्रीय बलाशी सरमिसळ होते. घट्ट बांधलेले न्यूट्रॉन उडवताना सिद्धान्तापेक्षा मोजमाप बरंच कमी भरतं, आणि ते का, यावर अजून एकमत नाही. खळ्याच्या न्यूट्रॉनला हा आजार कमी, हे आपलं नशीब.

याचा उपयोग काय?

लाइट बिल कमी होणार नाही. ताऱ्यांच्या पोटात न्यूट्रॉन पकडले जातात ती अभिक्रिया उलटी चालवली की ब्रेकअप होतो. कार्बन-१४ हे स्वतः किरणोत्सारी, त्यावर न्यूट्रॉन मारणं जिकिरीचं; कार्बन-१५ फोडून तोच दर काढता येतो. दोन्हींची तुलना झाली आहे आणि जुळते.

मला यात यायचं असेल तर?

क्वांटम मेकॅनिक्स पक्कं करा, थोडं प्रोग्रॅमिंग शिका. मग जेस्ट, नेट, टीआयएफआरची प्रवेश परीक्षा. आणि रात्रपाळीची सवय.

तुटलेला न्यूट्रॉन पुढे कुठे जातो?

आठवीतल्या एका मुलीने विचारलं होतं. मोकळा न्यूट्रॉन सुमारे दहा मिनिटांच्या अर्धायुष्याने क्षय पावतो, पण एवढा वेळ त्याला मिळत नाही. डिटेक्टरमधून निसटला तर काँक्रीटच्या भिंतीत धडका खात मंदावतो, आणि बरेचदा तिथल्याच पाण्यातला एखादा हायड्रोजन त्याला पकडतो, २.२ एमईव्हीचा गॅमा निघतो. ‘आणि उरलेला गाभा?’ तिने लगेच विचारलं. बेरिलियम-११ चौदा सेकंदांचं, पण त्यातून उरलेलं बेरिलियम-१० झोत जिथे थांबतो त्या धातूच्या ठोकळ्यात जाऊन रुततं. त्याचं अर्धायुष्य जवळजवळ १४ लाख वर्षं आहे.